लाळघोटे, होयबा आणि झीलकरी

(कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



पगार, महागाई भत्ता, बोनस आणि घरं या विषयांवर बोलणारी माणसं आजच्या सभेत पुष्कळ आहेत, आणि ती आमच्यापेक्षा चांगलं बोलतील. आमच्या वाट्याला विषय आला आहे तो शब्दांचा. पुढाऱ्यांच्या पुढंपुढं करणाऱ्या माणसांना आपली मराठी काय काय म्हणते, त्याचा. आता कुणी म्हणेल, शब्दांनी काय पोट भरतं? तर मंडळी, ज्यांचं पोट नुसत्या शब्दांवर भरतं त्यांच्याविषयीच आम्ही बोलणार आहोत.

आम्ही काही पंडित नव्हे. आमच्यातल्या बहुतेकांची शाळा चौथीत सुटली. पुढची अक्षरं गिरवली ती गिरणीच्या नोटिसांवर, शिळ्या वर्तमानपत्रांवर आणि युनियनच्या पत्रकांवर. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. गावाकडे पावसाला किती नावं आहेत बघा. वळीव निराळा, झड निराळी, सर निराळी, रिपरिप निराळी. ज्या गोष्टीवर आपलं जगणं-मरणं आहे, जी अंगावर सोसावी लागते, तिला माणूस अशी बारीक बारीक नावं ठेवतो. आता हांजीहांजी करणाऱ्याला मराठीत किती नावं आहेत ती मोजा. खुशमस्कऱ्या, लाळघोट्या, तोंडपुजा, होयबा, भाट, हुजऱ्या, चमचा. शिवाय थुंकी झेलणं, गोंडा घोळणं, तळी उचलणं, री ओढणं, पायघड्या घालणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. एवढी नावं उगीच पडली का? आपल्या वाडवडलांनी ही जात फार जवळून पाहिली, फार दिवस सोसली, म्हणून पडली.

यातले काही शब्द दरबारातून आले. खुशामत हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ वाईट नव्हे. ‘खुश आमद’ म्हणजे आपलं येणं शुभ झालं, या बसा. पाहुण्याला म्हणायचा शब्द. तोच शब्द रोज, त्याच माणसाला, मतलबानं म्हणत गेले आणि तो असा नासला. हुजऱ्या म्हणजे धन्याच्या हुजुरात उभा राहणारा नोकर. मुजरा, कुर्निसात, हुजूर हे सगळे बादशाही अमलातले. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. फार मोठं काम. पण शब्द बदलले तरी वाकण्याची सवय असलेली कंबर काही कोशानं सरळ होत नाही. ती ज्याची त्यानंच सरळ करावी लागते.

खुशमस्कऱ्यातला मस्करा म्हणजे विदूषक. आम्हाला विचाराल तर जुना मस्करा आजच्या माणसापेक्षा बरा. तो राजाला हसवता हसवता एखादी खरी गोष्ट कानात टाकून जात असे, आणि विनोद म्हणून त्याला माफी मिळे. वांग्याची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. बादशहानं वांग्याची तारीफ केली तेव्हा बिरबल म्हणाला, खाविंद, वांग्यासारखी भाजी नाही, म्हणून तर देवानं त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. दुसऱ्या दिवशी बादशहाचं पोट बिघडलं, त्यानं वांग्याला शिव्या दिल्या. बिरबल म्हणाला, खरंच वाईट भाजी, म्हणून तर तिच्या अंगाला काटे. बादशहा म्हणाला, काल तर तू निराळं बोलत होतास! तेव्हा तो म्हणाला, हुजूर, नोकरी आपली आहे, वांग्याची नव्हे. ही गोष्ट सांगून आपण हसतो. पण बिरबलानं तिथं धन्याच्या तोंडावर कबूल तरी केलं की, बाबा, मी पगारासाठी बोलतो. आजचा खुशमस्कऱ्या एवढंही कबूल करत नाही. तो म्हणतो, ही माझी निष्ठा आहे.

आता कुत्र्याचे शब्द. गोंडा घोळणं म्हणजे शेपटीचा झुबका हलवत धन्याच्या पायाशी घोटाळणं. याचंच संस्कृत रूप लांगूलचालन. लांगूल म्हणजे शेपूट. वर्तमानपत्रात हा शब्द हल्ली एवढा भारदस्त होऊन येतो की वाचणाऱ्याला वाटावं काहीतरी राज्यकारभाराचं खातं असेल! भर्तृहरीनं नीतिशतकात कुत्रा आणि हत्ती शेजारी शेजारी उभे केले आहेत. कुत्रा भाकरी टाकणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, पायावर पडतो, लोळून पोट दाखवतो. हत्ती मात्र शांत नजरेनं बघतो आणि शंभरदा मनधरणी केल्यावर घास घेतो. वामन पंडितांनी ते शतक मराठीत आणलं, म्हणून आपल्यासारख्यांच्या कानावर आलं.

पण आम्हाला इथं कुत्र्याची बाजू घ्यायची आहे. कुत्रा ज्याची भाकरी खातो त्याच्या दाराशी मरेपर्यंत बसतो. धन्याचं घर जळालं तरी तो राखेवर बसून राहतो. खुर्ची गेलेल्या पुढाऱ्याच्या दाराशी कोण बसतं? आणीबाणी १९७५ ते १९७७ पर्यंत होती, तेव्हा देवकांत बरुआ काँग्रेसचे अध्यक्ष होते. इंदिरा म्हणजे इंडिया आणि इंडिया म्हणजे इंदिरा, हे त्यांच्या नावावर कायमचं चिकटलेलं वचन. १९७७ साली इंदिराबाई हरल्या. पुढे याच बरुआंनी त्यांची साथ सोडली. मग तो देश कुठं गेला? तेव्हा लाळघोट्याला कुत्र्याची उपमा देणाऱ्यांनी कुत्र्याचा विचार करावा.

दरबार झाला, कुत्रा झाला. पण आमच्या मनाला खरे लागतात ते तिसऱ्या घरचे शब्द. ते आपल्या देवघरातून आणि आपल्या फडातून चोरलेले आहेत.

उदो उदो कुणाचा करायचा? आईचा, जगदंबेचा. गोंधळी संबळ वाजवतो आणि घरातलं लहान पोरसुद्धा उदो म्हणतं. तळी कुणाची उचलायची? खंडोबाची. चंपाषष्ठीला ताम्हणात भंडारा, बेल, खोबरं, सुपारी ठेवायची, पाच जणांनी मिळून हात लावायचा, येळकोट म्हणत ती तळी वर उचलायची. यात गंमत अशी की तळी एकट्यानं उचलत नाहीत. पाच हात लागतात. पुढाऱ्याची तळी उचलणाऱ्यांचंही तेच. एकटा कधीच नसतो. एकटा असला तर त्याला शरम वाटेल, म्हणून तो आणखी चौघांना हात लावायला बोलावतो, आणि ते चौघे बहुधा आपल्यातलेच असतात.

री ओढणं आणि झील धरणं, हे शब्द गाण्यातले. चाळीतल्या खोलीत भजन बसलं की म्हाताऱ्या बुवांचा दम पुरत नाही, तेव्हा मागचे टाळकरी सूर धरून ठेवतात. पोवाड्यात शाहीर एक चौक म्हणतो आणि मागे झीलकरी जी जी करून त्याला श्वास घ्यायला उसंत देतात. लाल बावटा कलापथक १९४४ साली निघालं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर ही त्यातली माणसं. गिरणगावात त्यांच्या कार्यक्रमाला मैदानं भरत. पुढे उभ्या असलेल्या शाहिराचं नाव सगळ्यांना पाठ असतं, पण मागं झील नसेल तर फड उभा राहत नाही. झीलकरी हा मानाचा माणूस आहे. तो शब्द पुरा झाल्यावर सूर धरतो. शाहीर चुकला तर मागून हळूच खरा शब्द देतो.

पुढाऱ्याचा झीलकरी उलटा. साहेबांचा शब्द अर्धा तोंडात असतानाच याचं जी जी सुरू. साहेब म्हणाले, भाव उतरले पाहिजेत. हा म्हणतो, व्वा! साहेब म्हणाले, भाव चढले तर इलाज नाही. हा म्हणतो, व्वा व्वा! चूक सुधारणं तर लांबच, चूक हीच नवी चाल म्हणून तो गळ्यात घेतो. म्हणून आमचं म्हणणं आहे की अशा माणसाला झीलकरी म्हणू नये. तो शब्द आपण परत घ्यावा आणि त्याला होयबा म्हणावं. होयबा हा शब्द अगदी अंगाबरोबर बसतो. त्यात दुसरं काही नाहीच. होय आणि बा.

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं हा आमच्या सगळ्यांत आवडीचा. हा शब्द कुणा शेतकऱ्यानंच काढला असणार. हरभऱ्याचं झाड केवढं? गुडघ्याएवढं. त्यावर चढणार कसा आणि चढला तर त्या झाडाचं काय होणार? चढवणारा खाली उभा राहून घाटे सोलून खातो, चढणाऱ्याला वाटतं आपण आभाळाला टेकलो. यात चढणारा मोडत नाही, झाड मोडतं. आणि झाड कुणाच्या रानातलं, हे सांगायला नको.

मस्का हा मात्र शहरी. इराण्याच्या हॉटेलात ब्रून-मस्का खाल्लेल्यांना तो समजावून सांगायला नको. मस्का लावला की पाव कितीही कडक असू दे, घशाखाली उतरतो. चमच्याचंही तसंच, भांड्यांतून आलेला शब्द. कांशीराम यांनी १९८२ साली या शब्दावर एक अख्खं पुस्तक इंग्रजीत लिहिलं, ‘द चमचा एज’. पुणे करार झाला १९३२ साली, त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा ते निघालं. त्यांनी दिलेला अर्थ सोपा आहे. चमचा आपण होऊन हलत नाही, त्याला दुसऱ्याचा हात लागतो, आणि ज्याच्या हातात तो असतो त्याच्याच तोंडाकडे तो जातो. ज्या समाजानं त्याला घडवलं त्या समाजाच्या ताटातून उचलायचं आणि दुसऱ्याच्या तोंडात घालायचं. कांशीराम हे दलित समाजातून निवडून येणाऱ्या आणि दुसऱ्या पक्षांच्या हाती राहणाऱ्या प्रतिनिधींविषयी लिहीत होते. पण ताट आपलं असलं तरी चमचा ओळखायची रीत तीच.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याचा गैरअर्थ होईल. सगळ्याच वाकणाऱ्यांना हे शब्द लावायचे नाहीत.

मुंबईच्या गिरण्या भोंग्यावर चालत होत्या त्या काळात बदलीवाला पहाटे गेटाशी येऊन उभा राही. आत कुणाला घ्यायचं ते मुकादम ठरवी. जॉबर म्हणा, मुकादम म्हणा, भरती त्याच्या हातात, रजा त्याच्या हातात, कुणाला चांगली जागा द्यायची तेही त्याच्या हातात. कोकणातून येणारा माणूस त्याच्यासाठी आंबे, सुकी मासळी, नाहीतर कोंबडं घेऊन येई, घाटावरचा आणखी काही आणी. दस्तुरी द्यावी लागे ती निराळीच. मुकादम हसला की सगळे हसत. त्या बदलीवाल्याला लाळघोट्या म्हणायचं का? आम्ही म्हणणार नाही. घरी चार तोंडं आणि खिशात परतीचं भाडं नाही, अशा माणसाच्या वाकण्याला मराठीत शब्द आहे लाचारी. त्याहून जड शब्द आहे मिंधा. मिंधा म्हणजे उपकाराखाली दबलेला, मान वर करता न येणारा. लाचार माणसाला रात्री झोप लागत नाही, आपण वाकलो हे त्याला कळतं. लाळघोट्याला झोप छान लागते. म्हणून जो पोटासाठी वाकला त्याला चारचौघांत लाळघोट्या म्हणून हिणवणं हा अन्याय आहे. त्याला मुकादमाच्या मर्जीतून सोडवण्यासाठीच युनियन असते. आणि जो भरल्या पोटी वाकतो, आणखी भरावं म्हणून वाकतो, त्याच्यासाठी वरची सगळी नावं राखून ठेवावीत.

तुम्ही म्हणाल, कुणी हार घातला, कुणी चार गोड शब्द बोललं, त्यात आपलं काय जातं? काय जातं ते सांगतो.

मागं एकदा आमचं शिष्टमंडळ एका मोठ्या पुढाऱ्याला भेटायचं ठरलं. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. मागणी एकच. आमच्या वस्तीत नळाला पाणी पहाटे तासभर यायचं. रातपाळी करून येणारा घरी पोचेपर्यंत तोटी कोरडी. बायामाणसं चार वाजल्यापासून हंडे घेऊन रांगेत. पाणी दोन वेळा सोडावं, एवढं निवेदन होतं, अर्ध्या पानाचं, खाली पावणेदोनशे सह्या आणि अंगठे. ते आम्ही रात्री जागून लिहिलं होतं.

दोन दिवस आधी वस्तीतले एक गृहस्थ पुढं झाले. म्हणाले, असं कोरडं जाऊ नका. आधी साहेबांचा सत्कार करू, साहेब खूष होतील, मग कागद देऊ. आमच्यातल्या काहींनी सांगितलं की सत्काराला आमचा एक पैसाही मिळणार नाही, आम्ही पाण्यासाठी चाललो आहोत. पण बाकीच्यांना वाटलं, काय बिघडलं? घरटी वर्गणी निघाली. शाल, श्रीफळ, मोठा हार. साहेब आले ते दीड तास उशिरा. मग भाषणं. पहिला म्हणाला, साहेब आमचे मायबाप. दुसरा म्हणाला, साहेब आमचे आधारवड. तिसऱ्यानं त्यांना सूर्य म्हटलं. तोपर्यंत ठीक होतं, सूर्याला काय, म्हणा. चौथे उठले ते सत्काराची कल्पना काढणारे गृहस्थ. त्यांना नवीन काही सापडेना. ते म्हणाले, साहेबांच्या कृपेनं आज आमच्या वस्तीत घरोघर पाणी आहे!

टाळ्या पडल्या. पाठीमागं हंडेवाल्या बाया उभ्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

आमच्यातला एकजण उठून कागद वाचायला लागला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच साहेबांचा चिटणीस हसत हसत म्हणाला, अहो, पाण्याबद्दल आत्ताच तर तुमच्या माणसानं आभार मानले. साहेबही हसले. कागद त्यांच्या हातात गेला, हातातून चिटणिसाकडे, आणि चिटणिसानं तो हारांच्या टोपलीत ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी आली, वस्तीच्या वतीनं कृतज्ञता व्यक्त. आमचेच पैसे, आमचीच वस्ती, आणि आमच्याच मागणीवर आमच्याच नावानं बोळा फिरवला. पुढं किती तरी दिवस तिथल्या बाया पहाटे चारला उठत होत्या.

जातं ते हे. लाळघोट्या नुसती स्वतःची मान विकत नाही. ती विकली तर विकली, ती त्याची आहे. तो आपल्या तोंडचा शब्द विकतो. आपल्याला पाणी नाही असं म्हणायचं असतं आणि आपल्या नावानं तो सांगून येतो की पाणी आहे. त्यानंतर आपण खरं बोललो तर कृतघ्न ठरतो.

आणि पुढाऱ्याचंही यात भलं होत नाही. उंटाच्या लग्नात गाढव गवई म्हणून बसलं होतं. गाढव म्हणालं काय रूप आहे, उंट म्हणाला काय आवाज आहे. दोघेही खूष होऊन घरी गेले. त्यांना कोण सांगणार? राज्य चालवणाऱ्या माणसाच्या कानावर वर्षानुवर्षं नुसती टाळी गेली तर रेशनच्या दुकानात काय मिळतं आणि किती मिळतं हे त्याला कळायचं कसं?

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत शेवटचं मोठं भाषण केलं, त्यात या गोष्टीचा इशारा दिला आहे. त्यांचं म्हणणं असं की धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. ज्यांनी देशासाठी जन्म वाहिला त्यांच्याबद्दल कृतज्ञता असावी, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहे, हे सांगताना त्यांनी आयरिश पुढारी ओकॉनेल याचा दाखला दिला. अब्रू देऊन कुणी माणूस कृतज्ञ राहू शकत नाही, आणि स्वातंत्र्य देऊन कुठलं राष्ट्र राहू शकत नाही. घटना तयार झाल्यावर, ती लिहिणाऱ्यानं, पहिल्या धोक्यांमध्ये हा धोका मोजला. त्याच घटनेच्या १८व्या कलमानं सरकारी किताब बंद केले. सैन्यातले आणि विद्येचे मान सोडून सरकार कुणाला पदवी देणार नाही. रावसाहेब आणि रावबहादूर मोडीत निघाले. इंग्रजाच्या दारात खेटे घालून मिळवलेली ती शेपटं होती.

पण कलमानं सरकारला बंदी केली, चौकाला नाही! आज कुठल्याही नाक्यावर उभे राहा आणि फलक वाचा. कार्यसम्राट. भाग्यविधाते. विकासपुरुष. भावी अमुक, भावी तमुक. राजे गेले, संस्थानं गेली, आणि एका वॉर्डात चार चार सम्राट झाले. फलकाच्या वरच्या बाजूला मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे पंधरा छोटे चेहरे. तो फलक साहेबांसाठी नसतोच. तो त्या पंधरांनी एकमेकांना दाखवण्यासाठी लावलेला असतो, साहेबांच्या जवळ कोण उभा आहे ते. पूर्वीचे भाट निदान बिरुदावली पाठ तरी करत.

मग माणसाला मान द्यायचाच नाही का? असं कोण म्हणतं? आपल्या लोकांनी मान दिला आहे, आणि खुशामत व मान यातला फरक त्यांना विद्वानांपेक्षा चांगला कळत होता.

१९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला आणि मुंबईचा गिरणी कामगार काम टाकून रस्त्यावर आला. सहा वर्षांना सहा दिवसांचा संप. गोळीबार झाला, माणसं मेली. त्या कामगाराला टिळकांकडून काय मिळणार होतं? कंत्राट? वशिला? ते तर मंडालेच्या तुरुंगात चालले होते. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही, उलट ज्याच्यासाठी आपला पगार जाणार आहे, त्याच्यासाठी उभं राहणं याला खुशामत म्हणत नाहीत.

त्याच्या वीस वर्षं आधीचा प्रसंग महात्मा फुल्यांचा. १८८८ साली राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी समारंभ केला होता. जमलेली मंडळी दागिने घालून, शालजोड्या पांघरून आली. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेशात. आणि उठून बोलले ते असं की या भरजरी लोकांना पाहून राणीच्या प्रजेची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्या अंगावर धड कपडा नाही आणि तिच्या मुलांना शिक्षण नाही, हे राणीला जाऊन सांगा. राजपुत्राच्या तोंडावर! चिपळूणकर हे जोतीरावांचे स्नेही, समारंभ मित्राच्या घरचा. म्हणून आणखी कठीण. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात सभा भरली आणि लोकांनी जोतीरावांना महात्मा म्हटलं. पदवी ती. ज्यांना त्यांच्याकडून काही उकळायचं नव्हतं त्यांनी दिलेली.

आपल्या मुंबईच्या लढ्यातही असा एक माणूस झाला. चिंतामणराव देशमुख दिल्लीत अर्थमंत्री होते, पंतप्रधानांच्या शेजारी बसणारे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं ठरलं तेव्हा, १९५६ साली, त्यांनी राजीनामा दिला. ते काही मोर्च्यात घोषणा देणारे गृहस्थ नव्हते, मोजून बोलणारे होते. पण होय म्हणणं सोपं असताना नाही म्हणाले. त्या काळात दिल्लीपुढे री ओढणारे आपल्याकडे काही कमी नव्हते. अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ ला निघाला आणि त्यांना रोज नवी नावं ठेवू लागला. कामगारवस्तीत एकजण मोठ्यानं वाचायचा आणि दहाजण ऐकायचे. हसता हसता लोकांना माणूस ओळखायची सवय लागली. शिवी आणि नाव यात फरक आहे. शिवीनं राग निघतो. नावानं माणूस ओळखता येतो, आणि पुढच्या वेळी तो दुसरा सदरा घालून आला तरी ओळखता येतो. आम्ही हा विषय घेतला तो एवढ्यासाठी.

आता कामाचं. पाण्याचंच निवेदन पुन्हा न्यायचं आहे. शिष्टमंडळात सातजण असतील, त्यात तीन बाया, कारण रांगेत त्या उभ्या राहतात. शाल, श्रीफळ, हार काहीही न्यायचं नाही, आणि तेवढ्यासाठी कुणी वर्गणी मागायला आलं तर त्याला खोलीवर आणून बसवा, आम्ही बोलू. तिथं गेल्यावर नमस्कार करायचा, बसा म्हटलं तर बसायचं, आणि पहिलं वाक्य मागणीचं. आमच्या वस्तीला पाणी पहाटे एक तास येतं, ते दोन वेळा हवं. हेच वाक्य सातही जणांनी पाठ करून ठेवायचं, म्हणजे एकाला अडवलं तर दुसरा बोलेल. कागदाची एक प्रत आपल्याकडे राहील आणि तिच्यावर मिळाल्याची सही व तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. साहेबांनी खरंच पाणी सोडलं तर आभाराचं पत्र आपण जरूर पाठवू, पाणी आल्यावर, आणि किती वाजता येतं ते त्यात लिहू.

कागदाचा मसुदा रविवारी सकाळी दहा वाजता भजनी मंडळाच्या खोलीत वाचून दाखवू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठ्यासाठी यावं, पण आधी सबंध ऐकून घ्यावं. ज्यांना शिष्टमंडळात यायचं आहे त्यांनी आता इथं टेबलाशी नावं द्यावीत.